चौथा थेंब

त्याचे घास लहान होत चाललेत हे आधी माझ्या लक्षात आलं की माझ्या बायकोच्या, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. ती म्हणते, तिनं मला दिवाळीनंतरच सांगितलं होतं. मी म्हणतो, सांगितलं असतं तर माझी झोप तेव्हाच उडाली असती, आणि त्या दिवाळीत मी चांगला घोरत होतो. आमच्या घरात काळजीचं खातं माझ्याकडे आहे. काळजी करण्यासारखं काही नसलं तर ह्यांना त्याचीच काळजी लागते, असं ती आल्यागेल्याला सांगते.

तो म्हणजे माझा मित्र. दारव्ह्याच्या एका कॉलेजात आम्ही मागेपुढे नोकरीला लागलो. तो रसायनशास्त्र शिकवायचा, मी इतिहास. आता दोघंही निवृत्त. मी यवतमाळचा, कचेरीत कारकुनी करण्यात पिढ्या गेलेल्या घरातला. शेत मला एसटीच्या खिडकीतून जेवढं दिसलं तेवढंच ठाऊक. तो तांड्यावरचा. त्याच्या घरातली जुनी माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायची. याच्या वाट्याला मात्र दारव्हा रस्त्यावरचं शेत आलं. त्यात दोन खोल्या, एक विहीर आणि विहिरीवर वाकलेलं एक जांभळाचं झाड. महिन्यातून एका रविवारी आम्ही दोघं नवराबायको दुपारी त्याच्या शेतावर जेवायला जातो. त्याची बायको मटण करते, माझी बायको भात आणि काहीतरी गोड नेते. कित्येक वर्षं असंच चाललं होतं. वाईन त्यात नंतर आली.

ती आणली माझ्या मुलीनं. ती नाशिकला नोकरी करते. एका सुट्टीत येताना ती लाल वाईनच्या दोन बाटल्या घेऊन आली आणि आमची शिकवणीच घेतली. आधी रंग बघायचा, मग वास घ्यायचा, मग लहानसा घोट तोंडात घोळवायचा. घाई करायची नाही. बाटलीवर इंग्रजीत बारीक अक्षरात काहीबाही लिहिलं होतं. आम्हाला कळावं म्हणून तिनं ते सोपं करून सांगितलं. आधी पिकलेल्या जांभळासारखी चव लागेल, मागून काळी मिरी येईल. ती नाशिकला परत गेली आणि आम्ही तिच्या शिकवणीचं जे काय केलं ते तिनं पाहिलं नाही हे बरंच झालं. पहिली बाटली मी बर्फाच्या कप्प्यात ठेवली. शेतावर गेल्यावर लक्षात आलं की बूच काढायला काही नाही. शेवटी मित्रानं विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतला एक लांब स्क्रू त्यात पिळला आणि पकडीनं ओढून काढला. चहाच्या काचेच्या ग्लासांत ओतलेली ती गारठलेली वाईन आणि समोर तर्रीनं लाल झालेला रस्सा, अशी आमची सुरुवात झाली.

त्या दिवसापासून मला एक नवी काळजी मिळाली. बाटली यवतमाळहून शेतापर्यंत न्यायची कशी? मी ती वर्तमानपत्रात गुंडाळायचो, पिशवीत घालायचो, वर मेथीची जुडी ठेवायचो. वाटेत कोणी जुना विद्यार्थी भेटला आणि त्यानं वाकून नमस्कार केला की माझा हात पिशवीवर घट्ट व्हायचा. चोराच्या मनात चांदणं. बायको म्हणायची, अहो, मेथीच्या जुडीला इतकं जपणारा माणूस बघूनच लोकांना संशय येईल. आणि माझ्या शेजारी, आम्हाला घ्यायला फाट्यावर आलेला मित्र उभा असायचा, हातातल्या प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा चोळत. सुपारी, तंबाखू, चुना. नमस्कार करून झाला की तोच विद्यार्थी त्याच्यापुढे तळहात धरायचा, आणि हा त्याला चिमूटभर द्यायचा. आमच्याकडे ओळखपाळख, लग्नाची बोलणी, बांधाची भांडणं, सगळं खर्ऱ्यावरच चालतं. एका बाटलीसाठी मी जीव मुठीत धरून होतो. त्या पन्नीची मात्र मला कधी धास्ती वाटली नाही.

पहिल्याच दिवशी त्यानं घोट घेतला, गालात धरला, गिळला आणि निकाल देऊन टाकला.

"हे त सुपारीसारखं लागते बे. तोंड आवळून घेते."

मग त्यानं आम्हाला ते रसायनशास्त्रातून समजावून सांगितलं. द्राक्षाच्या सालीतलं आणि सुपारीतलं तुरट द्रव्य एकाच घराण्यातलं कसं, वगैरे. जांभूळ त्याला लागलं नाही. मलाही नाही. माझ्या बायकोला थोडं लागलं असं ती म्हणाली, पण ते मुलीच्या प्रेमापोटी. मुलीचा फोन आला की आम्ही "वा, काय जांभूळ!" म्हणायचो. खरं सांगायचं तर त्या तिखटापुढे जिभेला आंबट आणि तुरट याच्यापलीकडे काही कळत नव्हतं. तरी आम्हाला ती वाईन आवडायला लागली होती. चौघांत एक बाटली, सावकाश, विहिरीजवळच्या सावलीत. दारू म्हणून ती आमच्या डोक्यात कधी आलीच नाही. बोलणं मात्र लांबायचं.

त्याच्या घरची एक रीत होती. पिण्याआधी तो ग्लासात बोट बुडवायचा आणि तीन थेंब जमिनीवर शिंपडायचा. एक आज्याचा, एक बापाचा, एक थोरल्या भावाचा. आधी गेलेल्यांचं, मग आपलं. माझे आजोबा जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवून भाताची शितं ठेवायचे, ते मला आठवायचं. मोहाच्या दारूवर चालत आलेली रीत इथे नाशिकच्या द्राक्षावर चालून जात होती, आणि आज्याची काही हरकत दिसत नव्हती.

तर, ते घास. जानेवारीतला रविवार असेल. तुरीच्या शेंगा वाळत आल्या होत्या. मी पाहिलं, तो भाकरीचा तुकडा मोडत होता, मग त्या तुकड्याचा तुकडा, आणि मग तो ओठांमधून आत सरकवत होता, पाकिटात पत्र घालावं तसा. रस्सा त्यानं वाढूच दिला नाही. वाईनचा घोट घेतला आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पूर्वी तो घोट गालात घोळवायचा. त्या दिवशी त्यानं तो औषधासारखा गिळून टाकला.

"तोंड आलं हाय," तो म्हणाला. "बी-कॉम्प्लेक्स घेऊन राह्यलो."

बी-कॉम्प्लेक्सनं माझं समाधान व्हायला हवं होतं. पण मन चिंती ते वैरी न चिंती. परतताना गाडीत मी बायकोला विचारलं, आज तो हसला का? ती म्हणाली, हसला की, दोनदा. मी म्हणालो, तोंड उघडून? तो पूर्वी हसायचा तेव्हा त्याची मागची दाढ दिसायची. वर्गात जांभई द्यायचा तेव्हा पोरं घड्याळ बघायची, इतकी ती लांब चालायची. ती जांभई मी शेवटची कधी पाहिली ते मला आठवेना.

आमच्याकडे तीन बोटांची परीक्षा सगळ्यांना माहीत आहे. शिबिरात, दवाखान्याच्या भिंतीवर, कुठेतरी ती पाहिलेली असतेच. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जायला हवीत. नाही गेली तर खर्ऱ्यानं आतली कातडी आखडत चालली आहे असं समजायचं. घरी आल्यावर मी आरशासमोर उभा राहून माझी बोटं घालून पाहिली. गेली. बायकोला घालायला लावली. तिचीही गेली, आणि वर ती म्हणाली की आता शेजाऱ्यांकडे जाऊन या. मी हसलो नाही. मी खर्रा खात नाही. माझी बोटं जाणारच होती. मला ज्याची बोटं बघायची होती तो दारव्ह्याजवळ होता, आणि त्याला तसं सांगायची माझी छाती होत नव्हती.

महिनाभर मी त्याला रोज फोन केला. पाणी कसं आहे, हरभरा कसा आहे, मोटार चालते का. शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही, त्यामुळे त्यालाही संशय आला असणार. त्यानं मात्र ताकास तूर लागू दिली नाही. फोनवर त्याचे शब्द मला जाडसर वाटायचे. मग वाटायचं, आपल्यालाच तसं ऐकू येतंय. मी त्याला बोलतं ठेवून नुसता कान देत राहायचो आणि फोन ठेवला की बायकोला विचारायचो, तुला काय वाटलं. ती म्हणायची, मला काय वाटणार, मी कुठे ऐकलं.

पुढच्या महिन्याच्या रविवारी मी बाटली पिशवीत ठेवली आणि मेथी विसरलो. यावरून माझी अवस्था कळावी.

जेवायला बसलो. त्यानं बोट बुडवलं, तीन थेंब शिंपडले, ग्लास ओठाला लावला आणि खाली ठेवला. मी त्याच्याकडे बघत होतो, आणि ते त्याच्या लक्षात आलं.

"कायले पाहून राह्यला बे माह्या तोंडाकडं?"

मी ठरवून आलेलं सगळं विसरलो. आडून आडून विषय काढायचा होता, कुणाचं तरी उदाहरण द्यायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "तीन बोटं घाल."

तो हसण्यावारी नेऊ लागला. जेवताना कोणी तोंडात बोटं घालते का, म्हणाला. मग म्हणाला, इतिहासाच्या माणसानं डॉक्टरकी करू नये. मग जरा चिडला. चुना काय करतो आणि सुपारी काय करते हे मी चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं, तू मला नको शिकवू, असं म्हणाला. तेवढ्यात त्याची बायको भाकरी घेऊन आली होती. ती ताट हातात धरून तशीच उभी राहिली. इतक्या वर्षांत नवऱ्याला आमच्यासमोर तिनं कधी तोडून बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"भाऊजी, दिवाळीपासून दुधात कुस्करून खाऊन राह्यले हे. तुमी येता त्याच दिवशी भाकर मोडतात."

मग त्यानं हात धुतला, पुसला, आणि वर्गात प्रयोग करून दाखवावा तशी तीन बोटं एकावर एक धरली. पहिल्यांदा नाहीच. मग त्यानं एक कमी केलं. दोन बोटं दातांना घासत कशीबशी आत गेली.

"तिसरं जात नाही," तो म्हणाला.

त्या दुपारी कुणी जेवलं नाही. मटण झाकून ठेवलं. मी बाटलीचं बूच पुन्हा दाबायचा प्रयत्न करत होतो आणि ते बसत नव्हतं तरी दाबतच होतो. मला भीती वाटत होती. ती लपवण्याइतकी हुशारी माझ्यात नव्हती, आणि तोच मला म्हणत होता, बस न बे, काही नाही होत.

आम्ही चौघं नागपूरला गेलो. डॉक्टर तरुण होती, बोलायला सरळ. आरसा घालून आतून पाहिलं, बोटानं गाल चाचपला. कातडी आखडली आहे, ती पूर्वीसारखी व्हायची नाही, व्यायामानं थोडी सैल पडेल, म्हणाली. आणि डाव्या गालात आत एक पांढरा चट्टा आहे. त्याचा तुकडा तपासायला पाठवावा लागेल. तोवर आणि त्यानंतरही खर्रा बंद, तिखट बंद, दारू बंद. मित्रानं सभ्यपणे विचारलं, महिन्यातून एकदा लाल वाईन घेतो, अर्धा ग्लास, ती चालेल का? ती म्हणाली, एक थेंबही नाही. त्यानं मान डोलावली. परत येताना कळंब मागे पडलं. मग त्यानं खिशातली पन्नी काढली, खिडकीची काच खाली केली, परत वर केली, आणि पन्नी आपल्या बायकोच्या हातात दिली.

रिपोर्ट यायचा होता. ते दिवस मी कसे काढले ते मी सांगत नाही, बायको सांगेल. तिनं दोन माणसांची काळजी वाहिली. फोन वाजला की मी दचकायचो, नाही वाजला तरी दचकायचो. आणि मध्येच रविवार आला. मी धरून चाललो होतो की आता जाणं नाही. पण त्याचाच फोन आला. या म्हणाला, आणि येताना बाटली आणा.

मी नाही म्हणालो. त्याच्यासमोर बसून आम्ही प्यायचं, हे माझ्यानं होणार नव्हतं. तो म्हणाला, रिपोर्ट उद्या येऊन राह्यला, आजचा रविवार कायले नासवतं? मी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली.

त्या दिवशी दोघी बायकांनी मिळून मटण केलं, आणि त्यात तिखटाचा कण नव्हता. आलं नाही, मिरी नाही. नुसतं खोबरं, कांदा आणि थोडी हळद, तेही शिजून शिजून मऊ. आम्हा तिघांसाठी वेगळी लाल तर्री करायची, असं त्याची बायको म्हणत होती. माझ्या बायकोनं करू दिली नाही. एका घरात दोन हंड्या कशाला, म्हणाली. पांढुरका रस्सा आणि भात आमच्या पुढ्यात आला. वऱ्हाडातल्या माणसानं असं मटण आजारपणातच पाहिलेलं असतं.

मी तीन ग्लासांत वाईन ओतली. त्याच्यापुढे पाणी होतं. थेंब द्यायची वेळ आली तसा मी ग्लास त्याच्याकडे सरकवला. त्यानं तो परत माझ्याकडे ढकलला.

"मी पेत नाही, त मी कसा देऊ? ज्याच्या हाती ग्लास, त्यानं द्याव."

मी त्याच्या घरचा नाही, जातीचा नाही. पण त्याची बायको मान हलवत होती की द्या म्हणून. मी बोट बुडवलं. आज्याचा थेंब टाकला. मनात आलं, उद्या किती वाजता फोन येईल? बापाचा टाकला. फोन तो स्वतः उचलेल की त्याची बायको? थोरल्या भावाचा टाकला. आणि रिपोर्ट वाईट आला तर? माझं बोट पुन्हा ग्लासात गेलं, बाहेर आलं आणि हललं. जमिनीवरच्या तीन डागांशेजारी चौथा पडला.

ते मी केलं हे मला तो डाग दिसल्यावर कळलं. माझी बायको डागाकडे बघत होती. त्याची बायको बघत होती. मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

तो त्या डागावर जरा वाकला.

"हा चवथा कोणाचा बे?" तो म्हणाला. "मी अजून इथंच बसलो हाय."

आणि तो हसायला लागला. तोंड जेवढं उघडत होतं तेवढ्यात, दोन बोटांच्या फटीतून, खांदे हलवत. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते तिखटाचं नव्हतं, कारण तिखट त्या घरात त्या दिवशी नव्हतंच. मग त्याची बायको हसली, मग माझी. मला हसू येईना. मी पायानं तो डाग पुसायला गेलो तर त्यानं माझा गुडघा धरून ठेवला. राहू दे म्हणाला, वाळून जाईल.

"पे आता," तो म्हणाला. "अन् खरं सांगजो, कसं लागते. पोरीले सांगतं तसं नोको."

मी भाताचा घास घेतला, वरून घोट घेतला, आणि त्याच्यासाठी म्हणून तो तोंडात घोळवत राहिलो. आधी आंबट आलं. मग तुरट. आणि मग, इतक्या वर्षांनी, तिखट नसलेल्या तोंडात, ते आलं. झाडाखाली पडलेलं, ऊन लागून फुटलेलं, जीभ जांभळी करणारं. मला फार वाईट वाटलं. खोटं बोलावं असंही वाटलं. काही नाही, तसंच आंबट आहे, म्हटलं असतं तर चाललं असतं. पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मी त्याच्या तोंडाकडे बघत आलो होतो तसा.

"जांभूळ," मी म्हणालो.

"खरंच?"

"खरंच. मिरीसुद्धा. अगदी मागून."

तो मागे टेकला. विहिरीवरच्या झाडाकडे त्यानं एकदा पाहिलं आणि बायकोला म्हणाला, म्हणजे पोरगी खोटं बोलत नव्हती. मग त्यानं चमच्यानं थोडा रस्सा घेतला आणि हळूहळू संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन त्यानं स्वतः केला. आज तरी कॅन्सर नाही, असं डॉक्टर म्हणाली, आणि "आज तरी" हे शब्द त्यानं गाळले नाहीत. दर तीन महिन्यांनी जाऊन तो चट्टा दाखवायचा आहे. तोंड अडीच बोटं उघडतं. व्यायाम तो न चुकता करतो, बायको समोर बसून करवून घेते. खर्रा सुटला आहे. हात अजून मोकळे राहत नाहीत, तर बोलता बोलता तो तळहातावर अंगठा चोळत असतो, रिकामाच.

आम्ही अजून जातो. मटण तसंच पांढुरकं असतं, वाईन तिघांत होते म्हणून बाटली अर्धी उरते, आणि चव कशी लागली ते मी त्याला नीट सांगतो. थेंब मीच देतो. आज्याचा, बापाचा, थोरल्या भावाचा. तिसरा पडला की बोट लगेच सदऱ्याला पुसतो आणि हात मांडीखाली दाबून बसतो. सदऱ्यावरचे ते डाग निघत नाहीत म्हणून बायको कुरकुरते, पण दुसरं काही पुसायला देत नाही.